तायपो मार्केट: दारं-खिडक्या शाबूत असतानाच वाचलेलं स्टेशन

नुसता फोटो दाखवून विचारलं, तर बहुतेक जण याला देऊळ म्हणतील. उतरतं कौलारू छप्पर, त्रिकोणी भिंतींवर शुभचिन्हांची रंगीत नक्षी, बैठी आटोपशीर इमारत. मग नजर खाली येते आणि फलाट दिसतो, तिकिटाची खिडकी दिसते, रूळ दिसतात. हाँगकाँगच्या न्यू टेरिटरीज भागातलं हे जुनं तायपो मार्केट स्टेशन. इमारत १९१३ ची. एप्रिल १९८३ मध्ये तिथून शेवटची गाडी गेली, १९८४ मध्ये स्टेशन संरक्षित स्मारक म्हणून जाहीर झालं आणि डिसेंबर १९८५ मध्ये तिथेच हाँगकाँग रेल्वे म्युझियम उघडलं.

हे प्रकरण मी निवडलं ते या शेवटच्या तीन सालांमुळे. बंद पडणं, संरक्षण मिळणं आणि पुन्हा लोकांसाठी उघडणं हे सगळं तीन वर्षांच्या आत झालं. बंद स्टेशनाचं पुढे काय होतं, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. आधी दिवे आणि घड्याळ जातं, मग खिडक्यांची तावदानं, मग दारं. दोन पावसाळ्यांत कौलं सरकतात, वासे कुजतात आणि भिंतीतून पिंपळ वर येतो. दहा-पंधरा वर्षांनी कुणाला तरी त्या वास्तूचं प्रेम येतं, तेव्हा हातात चार भिंती उरलेल्या असतात आणि दुरुस्तीचा आकडा बघून फाइल मिटली जाते. तायपोमध्ये ही वेळ आलीच नाही. माझ्या मते तिथलं खरं यश त्या वेगात आहे.

आधी बाजार, मग स्टेशन

स्टेशनाच्या नावातलं ‘मार्केट’ शोभेपुरतं नाही. तायपो हा न्यू टेरिटरीजमधला जुना बाजार. आसपासच्या खेड्यांमधले शेतकरी आणि तोलो बंदरातले मच्छीमार इथे माल आणत. लाम त्सुएन नदीच्या उत्तरेकडच्या जुन्या बाजारावर तांग घराण्याचा ताबा होता. त्या मक्तेदारीला कंटाळून इतर गावांनी सात संघांची एकी केली. तिला ‘त्सात येउक’, म्हणजे सात संघांचा करार, असं म्हणतात. या गावांनी १८९२ मध्ये नदीच्या दुसऱ्या बाजूला स्वतःचा नवा बाजार वसवला. त्याच्या मधोमध मान मो मंदिर बांधलं आणि १८९६ मध्ये लोकांची ये-जा सोपी व्हावी म्हणून क्वाँग फुक पूल उभारला. हे सगळं ब्रिटिशांचा अंमल येण्याआधीचं. न्यू टेरिटरीज चीनकडून ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने ब्रिटिशांकडे आली ती १८९८ मध्ये.

पुढे ब्रिटिशांनी काउलून-कँटन रेल्वे आणली. तिचा हाँगकाँगच्या हद्दीतला भाग, काउलून ते सरहद्दीवरचं लो वू, सुमारे ३५ किलोमीटरचा. तो १ ऑक्टोबर १९१० ला सुरू झाला. तायपोचं मुख्य स्टेशन तेव्हा बाजारापासून दूर, खाडीकाठी होतं. कारण तिथल्या धक्क्यावरून पलीकडच्या गावांना होड्या जात. बाजाराजवळ सुरुवातीला नुसता थांबा होता. पण खांद्यावर कावड घेऊन येणारा माणूस खाडीकाठच्या स्टेशनापर्यंत चालत कशाला जाईल? त्याला बाजाराच्या तोंडाशीच गाडी हवी. तीन वर्षांत तिथे पक्की इमारत उभी राहिली. गाडी नव्या बाजाराजवळ थांबू लागली, तशी जुन्या बाजाराची रया गेली आणि ‘तायपो मार्केट’ हे नाव नव्या बाजारालाच चिकटलं. सात संघांनी सुरू केलेलं काम रेल्वेने पूर्ण केलं, असं म्हणायला हरकत नाही.

छपराचा मुद्दा इथेच येतो. या मार्गावरची बाकीची स्टेशनं पाश्चात्त्य धाटणीची. स्थानिक चिनी पद्धतीने बांधलेलं हे एकटंच. परक्या सरकारची, परक्या यंत्राची ही जागा, पण ती बाजाराच्या लोकांना ओळखीची वाटेल अशा रूपात आली. पुढे वारसा ठरवण्याची वेळ आली, तेव्हा हे वेगळेपण कामी आलं.

सत्तर वर्षांची नोकरी

या काळाबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण स्टेशनाचं आयुष्य बरंचसं चारचौघांसारखं गेलं. लाइन एकेरी होती. समोरासमोरच्या गाड्यांचं क्रॉसिंग अशा मार्गावर स्टेशनातच व्हायचं. एक गाडी बाजूच्या रुळावर थांबायची, दुसरी निघून जायची. १९४९ मध्ये चीनमध्ये सत्तांतर झालं आणि सरहद्दीपलीकडे जाणाऱ्या थेट गाड्या थांबल्या. प्रवासी लो वूला उतरून पायी पूल ओलांडत आणि पलीकडे दुसरी गाडी पकडत. ही तऱ्हा १९७९ पर्यंत, तब्बल तीस वर्षं चालली. १९५५ मध्ये डिझेल इंजिनं आली, १९६२ मध्ये वाफेची इंजिनं निवृत्त झाली. तायपोसारख्या गावांना मात्र सकाळची भाजी आणि संध्याकाळचे परतणारे लोक हीच खरी रेल्वे होती.

१९७० च्या दशकात चित्र पालटलं. सरकारने तायपोला नवं शहर करायचं ठरवलं. खाडीत भर टाकून जमीन काढली गेली आणि उंच इमारती उठू लागल्या. एवढ्या लोकांना एकेरी लाइन आणि डिझेल गाडी कशी पुरणार? मार्ग दुहेरी करायचा आणि विजेवर चालवायचा, असा निर्णय झाला. दक्षिणेला थोड्या अंतरावर नवं तायपो मार्केट स्टेशन बांधलं गेलं आणि ७ एप्रिल १९८३ ला काम तिकडे हललं.

एकाच मार्गावरची तीन स्टेशनं

प्रकरणाचा गाभा इथे आहे. याच मार्गावरच्या आणखी दोन स्टेशनांचं काय झालं ते पाहिलं, की तायपो मार्केट का वाचलं हे कळतं.

पहिलं त्सिम शा त्सुई, म्हणजे काउलूनच्या टोकाचं भव्य टर्मिनस. १९७५ मध्ये गाड्या हुंग होमच्या नव्या टर्मिनसला गेल्या आणि ही इमारत रिकामी झाली. समोर बंदर, मागे शहराचा सगळ्यात महागडा भाग. हेरिटेज सोसायटी या वारसा जपू पाहणाऱ्या संस्थेने विरोध केला, अर्ज केले, थेट लंडनपर्यंत दाद मागितली. तरी १९७८ मध्ये इमारत पाडली. राहिला तो ४४ मीटर उंचीचा घड्याळाचा मनोरा. आज त्याच्या शेजारी अंतराळ संग्रहालय आणि सांस्कृतिक केंद्र आहे. मनोरा १९९० मध्ये स्मारक झाला. लोक त्याच्यासमोर फोटो काढतात, पण तो कशाचा मनोरा होता हे नुसतं बघून समजत नाही. स्टेशनाशिवायचा मनोरा म्हणजे पान फाडल्यावर हातात उरलेला पानाचा आकडा.

यात एक गोष्ट नजरेतून सुटू नये. पुरातन वास्तूंचा कायदा हाँगकाँगमध्ये १९७१ मध्ये झाला होता आणि १९७६ पासून अमलातही होता. म्हणजे टर्मिनस पाडलं तेव्हा संरक्षणाचं हत्यार सरकारच्या हातात होतं, फक्त ते उपसलं गेलं नाही. कायदा असला की वास्तू वाचते, असा आपला भाबडा समज असतो. तो इथे खोटा ठरतो.

दुसरं तायपो काउ, म्हणजे खाडीकाठचं ते मूळचं मुख्य स्टेशन. तेही १९८३ मध्येच, विद्युतीकरणाच्या वेळी बंद झालं. वय तायपो मार्केटहून जास्त. होडीतून उतरून गाडी पकडायची, ही न्यू टेरिटरीजमधल्या प्रवासाची जुनी रीत त्या जागेशी जोडलेली. पण इमारत पाडली गेली आणि जागेवर रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी घरं आली. आज तिथे स्टेशनाची खूण शोधावी लागते.

तिसरं आपलं तायपो मार्केट. मग फरक कुठे पडला? मला तीन कारणं दिसतात आणि त्यांचं वजन सारखं नाही.

सगळ्यात मोठं कारण जागेचं. नवं स्टेशन दुसरीकडे झालं, दुहेरी मार्ग जुन्या इमारतीला खेटून पुढे गेला आणि जुनी इमारत कुणाच्या वाटेत आली नाही. स्टेशनं बहुतेक वेळा द्वेषापोटी पाडली जात नाहीत, अडचण होते म्हणून पाडली जातात. इथे अडचणच नव्हती. हे कारण कौतुकाचं नाही, पण खरं आहे.

दुसरं कारण मालकीचं. रेल्वे सुरुवातीपासून सरकारी खात्याची होती. १९८२ मध्ये तिचं महामंडळ झालं, तेही सरकारी मालकीचंच. त्यामुळे वास्तू एका सरकारी हातातून दुसऱ्या सरकारी हातात जायची होती. मोबदला, वारसदार, कोर्ट असं काही मध्ये नव्हतं. आणि जी वास्तू मिळाली, तिच्यात काल-परवापर्यंत माणसं काम करत होती. छप्पर गळत नव्हतं, दारं लागत होती.

तिसरं कारण १९७८ ची ठेच. हे कागदावर सापडणारं कारण नाही, माझा अंदाज आहे. टर्मिनस पाडल्यावर पाच वर्षांत दुसरं जुनं स्टेशन रिकामं झालं, तेव्हा पुन्हा तोच प्रसंग नको असं वाटणारी माणसं योग्य जागी असणार. आणि या वेळी हाताशी असलेलं हत्यार वापरलं गेलं. १९८४ ची घोषणा झाली आणि परवानगीशिवाय इमारतीला हात लावणं बेकायदेशीर ठरलं.

आवारात काय उभं आहे

म्युझियमचं आवार सुमारे साडेसहा हजार चौरस मीटरचं. शहराच्या मानाने लहान वाटेल, पण हाच आकडा महत्त्वाचा आहे. इमारतीबरोबर फलाट राहिला, रूळ राहिले, मोकळी जागा राहिली. स्टेशन म्हणजे नुसती इमारत नसते. रूळ उखडून, भोवती हिरवळ लावून ठेवलेलं स्टेशन बघताना मला नेहमी काहीतरी कमी वाटतं. फलाटाच्या कडेवर उभं राहून खाली रूळ दिसायला हवेत, तरच तो फलाट.

इमारतीच्या मधोमध प्रतीक्षागृह आहे आणि त्याला लागून तिकीट कार्यालय. खिडकीची उंची, आतली पुठ्ठ्याच्या तिकिटांची मांडणी बघताना आपल्याला काहीच परकं वाटत नाही. तळहातात मावणारं जाड तिकीट, यंत्रात सरकवल्यावर खट्‌कन उठणारी तारीख आणि कडेला पडणारी ती बारीक चीर. चाळिशी ओलांडलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हा आवाज आठवेल.

बाहेरच्या रुळांवर डबे उभे आहेत. त्यातला सर्वांत जुना १९११ चा तिसऱ्या वर्गाचा, मग १९२१ चा, १९५५ चा, १९६४ चा आणि १९७४ चा. डब्यांत चढता येतं, बाकावर बसता येतं, आणि मला हे फार मोलाचं वाटतं. तिसऱ्या वर्गाचा बाक किती अरुंद होता आणि पहिल्या वर्गात पाय किती लांब करता येत, हे फलकावरच्या मजकुरापेक्षा पाठीला जास्त चांगलं कळतं.

५१ क्रमांकाचं डिझेल इंजिनही इथेच आहे. मार्गावरचं हे पहिलं डिझेल इंजिन ऑस्ट्रेलियातल्या क्लाइड इंजिनिअरिंगमध्ये बांधलं गेलं. १९५५ मध्ये सेवेत आलं आणि गव्हर्नर अलेक्झांडर ग्रँथम यांच्यावरून त्याचं नाव ‘सर अलेक्झांडर’ ठेवलं. १९९७ मध्ये ते निवृत्त झालं आणि २००४ मध्ये या आवारात आलं.

पण सगळ्यात जास्त वेळ थांबावं ते त्या छोट्या वाफेच्या इंजिनापाशी. शेजारच्या डब्यांच्या मानाने ते खेळण्यासारखं दिसतं. इंग्लंडच्या बॅग्नल कंपनीने ते बांधलं. ते फानलिंग ते शा ताउ कोक या शाखेवर धावायचं. या शाखेचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, दोन फुटांचं, आपल्या नेरळ-माथेरानच्या मापाचं. काळही जवळचा: माथेरानची गाडी १९०७ मध्ये सुरू झाली आणि शा ताउ कोकची पूर्ण शाखा १९१२ मध्ये. मुख्य मार्ग बांधताना माती-दगड वाहायला घातलेले छोटे रूळ आणि त्यांचं सामान उरलं होतं, तेच वापरून ही शाखा उभी केली. लांबी जेमतेम पावणेबारा किलोमीटर. पुढे समांतर रस्ता झाला, प्रवासी रस्त्याने जाऊ लागले आणि १९२८ मध्ये शाखा बंद पडली. डोंगर चढणाऱ्या माथेरानच्या गाडीला तोडीस तोड रस्ता नव्हता म्हणून ती टिकली. शा ताउ कोकच्या सपाटीवरच्या गाडीला ते भाग्य लाभलं नाही.

बेकार झालेली इंजिनं १९३३ मध्ये फिलिपिन्सला विकली गेली. तिथल्या साखर कारखान्यात ती उसाच्या गाड्या ओढत राहिली. साठ-एक वर्षं उलटली. शाखेचे रूळ गेले, तिच्यावरून प्रवास केलेली माणसंही बहुतेक गेली. आणि १९९० च्या दशकात कारखान्याकडून हे इंजिन परत हाँगकाँगला आणलं गेलं. दुरुस्त करून, रंगवून इथे उभं केलं. एका बंद शाखेचा शेवटचा पुरावा उसाच्या फडातून सापडावा, आणि तो ठेवायला जागा तयार असावी, हे दोन्ही जुळून आलं. १९८५ मध्ये म्युझियम झालं नसतं, तर इंजिन परत आणायचं तरी कुठे?

जे खटकतं

या इंजिनावरून एक आक्षेप घेता येतो आणि तो खरा आहे. हे इंजिन तायपो मार्केट स्टेशनात कधी आलंच नव्हतं. येऊच शकत नव्हतं, कारण इथले रूळ मोठ्या मापाचे आणि त्याची शाखा फानलिंगपासून सुरू व्हायची. अशा वस्तू जमत गेल्या की गावच्या स्टेशनाचं संपूर्ण रेल्वेचं कोठार होतं. मग बघणाऱ्याला रेल्वेचा इतिहास कळतो, पण या एका फलाटावर रोज काय चालायचं ते मागे पडतं. इथला हमाल कोण होता, भाजीच्या टोपल्या कुठे उतरत, बाजाराच्या दिवशी स्टेशन मास्तरांची किती धांदल उडायची, हे सांगायला रंगवलेलं इंजिन पुरत नाही. त्यासाठी माणसांच्या आठवणी लागतात आणि त्या माणसांबरोबर जातात.

मला विचाराल तर इंजिन आणलं हे बरोबरच झालं. त्याला दुसरं घर नव्हतं. पण गावाच्या स्टेशनाचं म्युझियम करताना पहिला अधिकार त्या गावाच्या गोष्टीचा असावा, उरलेल्या जागेत बाकीची रेल्वे.

दुसरी अडचण देखभालीची. हाँगकाँगचा उन्हाळा दमट आणि पावसाळ्यात वादळं ठरलेली. धावत्या डब्याची देखभाल होते, कारण तो बिघडला तर गाडी अडते. उभ्या डब्याने कुणाचंच अडत नाही. लाकडाला बुरा लागतो, पत्र्याच्या सांध्यात गंज शिरतो आणि दर काही वर्षांनी सगळं पुन्हा करावं लागतं. कौलारू छपराचंही तेच. इथे हा खर्च सरकारी सांस्कृतिक विभाग उचलतो आणि प्रवेश विनामूल्य आहे. तिकिटाच्या पैशांवर हे चाललं असतं असं मला वाटत नाही. स्टेशनाचं म्युझियम करा असं सांगणाऱ्या प्रत्येक प्रस्तावात हा खर्च पहिल्या पानावर हवा. तो बहुधा शेवटच्या पानावरही नसतो.

आपल्याकडच्या स्टेशनांसाठी

महाराष्ट्रात छोट्या गेजच्या मार्गांची कमी नव्हती. बार्शी लाइट रेल्वे होती. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला तर लोकांच्या तोंडी अजून आहे. गेज बदललं, मार्ग बदलले, गाड्या थांबल्या आणि कितीतरी छोटी स्टेशनं मागे राहिली. त्या सगळ्यांची म्युझियमं होणार नाहीत आणि होऊही नयेत. पण ज्या एक-दोन स्टेशनांत खरंच काही वेगळं आहे, त्यांची निवड शेवटची गाडी जायच्या आधी व्हायला हवी. गेज बदलाचं काम मंजूर होतं, तेव्हाच कुठली इमारत नव्या मार्गाच्या वाटेत येणार नाही हे नकाशावर दिसत असतं. त्याच बैठकीत आवाराची हद्द आखता येते, थोडे रूळ जागेवर सोडता येतात, एक डबा बाजूला काढता येतो. भंगाराचा लिलाव झाल्यावर डबा शोधायला निघालं, तर फिलिपिन्सचा साखर कारखाना प्रत्येकाला भेटत नाही. आणि निवृत्त स्टेशन मास्तर, पॉइंट्समन, फलाटावर चहा विकणारे काका यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायला तर कसल्याच मंजुरीची गरज नाही. तायपोत जे अपुरं राहिलं, ते आपल्याला अगदी कमी पैशांत करता येईल.

हाँगकाँगला कामानिमित्त किंवा नातेवाइकांकडे जाणारे मराठी लोक कमी नाहीत. जाणं झालं तर अर्धा दिवस काढा. तायपो मार्केट किंवा पुढच्या ताय वो स्टेशनावर उतरून चालत जाता येतं. मंगळवार सोडून जा. आधी फू शिन स्ट्रीटवरून जा. तिथे मान मो मंदिर आहे आणि त्याच्यासमोर सात संघांचा तो बाजार आजही भरतो: ताजी मासळी, पालेभाजी, फळं, रस्त्यात निथळणारं पाणी. तिथून काही मिनिटांवर स्टेशन. १९११ च्या डब्यात खिडकीशी बसलात, की थोड्या वेळात कुंपणापलीकडच्या रुळावरून विजेवरची गाडी धडधडत जाते.